तुझा डावा डोळा

संत्या,

इथल्या, मस्कतच्या मराठी मंडळींनी मला त्यांच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय. "महेश, तू त्याला लांज्यापासून ओळखतोस, त्याच्या खेळाबद्दल तुझ्याइतकं कोण सांगणार? दोन पानं दे." मी हो म्हणालो. पहिल्यांदा जे लिहिलं ते असं होतं : मस्कतहून व्यावसायिक बेसबॉल खेळायला गेलेला आपला माणूस, दणदणीत फलंदाज, मनमिळाऊ स्वभाव, अकाली निधन. वाचून पाहिलं आणि फाडून टाकलं. मनमिळाऊ तर तू कधीच नव्हतास. जिल्ह्याच्या सामन्यात अंपायरचा हात धरून त्याला चुन्याच्या रेघेवर वाकवणारा माणूस तू. "बघ, इथे पडलाय चेंडू. डोळे आहेत ना?"

त्यामुळे ते दुसरं कोणीतरी लिहील. हे मी तुलाच लिहितोय.

आठवीत कदमसरांनी जिल्ह्याच्या गावाहून एक गोणी आणली, त्यात दोन बॅटी, थोडे ग्लव्ह आणि डझनभर चेंडू होते. आपल्या शाळेत तोवर बेसबॉल कोणी टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता. सरांनी भात कापलेल्या मळ्यात चुन्यानं चार कोपरे आखले आणि तुझ्याकडे बघून म्हणाले, "हा काय धावणार नाही. ह्याला पहिल्या कोपऱ्यावर उभा करा." तुझं वजन तेव्हाच माझ्या दुप्पट होतं. मला त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या कोपऱ्याच्या मधे घातलं, शॉर्टस्टॉपला. माझं काम एकच. जमिनीवरून आलेला चेंडू उचलायचा आणि पलीकडचा गडी पहिल्या कोपऱ्यावर पोचायच्या आत तो तुझ्या ग्लव्हमध्ये पोचवायचा. मी फेकायचो, तू घ्यायचास. बावीस वर्षांची आपली मैत्री मुळात एवढीच होती. मी कसंही फेकलं तरी तू घेशील, ह्या भरवशावर मी वाढलो.

आणि तुझी बॅट. मळ्याच्या टोकाला काजूची बाग होती. सर म्हणायचे, बागेत गेला तर होमरन. पहिल्याच महिन्यात तू डझनातले पाच चेंडू तिथे घालवलेस आणि सरांनी तुला बॅटिंगच बंद केली. "अरे, चेंडू काय झाडाला लागतात काय मेल्या?"

पुढे तू राज्याच्या संघात गेलास, दोनदा राष्ट्रीय स्पर्धा खेळलास, मी एकदा. परत आलो तेव्हा एसटी स्टँडवर घ्यायला फक्त तुझी आई होती. गल्लीतल्या क्रिकेटच्या स्पर्धेला आपल्याकडे मांडव पडतो, बेसबॉलवाल्याला विचारतंय कोण? तू एसीचं काम शिकलास आणि मस्कतला आलास. दोन वर्षांनी मलाही ओढलंस. मी अल् खुवैरच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन, तू बातिनाच्या किनारपट्टीत गावोगाव एसी दुरुस्त करत फिरणारा. शुक्रवारी सकाळी कोरड्या ओढ्याकाठच्या खडीच्या मैदानावर फिलिपिनो पोरं आणि दोन-चार जपानी इंजिनियर खेळतात हे तूच शोधून काढलंस. पहिल्या दिवशी त्यांनी तुझं पोट बघून तुला शेवटी बॅटिंग दिली. तू मारलेला चेंडू रस्त्यापलीकडच्या पार्किंगमध्ये गेला. त्यानंतर ते तुला 'बाबा' म्हणायला लागले.

आपलं एक भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, एवढे लांब चेंडू तुझ्या दंडामुळे जातात. तू चिडायचास. "दंड म्हशीला पण असतो. मला चेंडूची शिवण दिसते, मह्या. हातातून सुटल्या सुटल्या कुठल्या बाजूला फिरतोय ते दिसतं. तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्ही ताकद म्हणता." मी हसायचो. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा डोळा पुढे असतो, गोलंदाजाच्या बाजूला. तो आधी बघतो. हे तू मला शंभरदा सांगितलं असशील.

माझं घर मोडलं त्या वर्षी, प्रिया कायमची पुण्याला निघून गेली तेव्हा, तू महिनाभर रोज संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन यायचास आणि माझा एसी उघडून बसायचास. एसीला काही झालेलं नव्हतं. तू फिल्टर धुवायचास, झाकण लावायचास, परत उघडायचास. एक शब्द त्या विषयावर बोलला नाहीस. जेवलो की जायचास. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. ते आता म्हणतो. त्या महिन्यात मी तुझ्यामुळे जगलो.

मग शेजारच्या अमिरातीत बेसबॉलची व्यावसायिक लीग आली. खरीखुरी, करारावर सह्या करून खेळायची. निवड चाचणी कोणालाही खुली होती. तू चौतिशीत होतास, मीही. "यल्ला, चल, जाऊन तर बघू," तू म्हणालास. तुझी पिकअप, मागे दोघांच्या बॅगा, पहाटेच निघालो आणि सीमा ओलांडून उन्हं चढायच्या आत मैदानावर उभे होतो. पहिल्या तासातच मला बाजूला काढलं. पाय मंदावलेत, म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. मी जाऊन पिकअपमध्ये बसलो. काचा वर होत्या तरी तुझ्या बॅटचा आवाज ऐकू येत होता. इतरांच्या बॅटचा आवाज वेगळा येतो, पोकळ. तुझा भरीव यायचा. प्रत्येक आवाजाला मी मनात म्हणत होतो, पुढचा चुकू दे.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

परत येताना तू वाटेतल्या खाबुऱ्याला चहाला थांबवलंस. तुझी निवड झाली होती आणि तू माझीच समजूत काढत होतास. "तुझा थ्रो अजून पहिल्यासारखा आहे, मह्या. त्यांना कळलं नाही." मी मान हलवली. त्या क्षणी तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुझ्या ओमानी मालकानं, अर्बाबानं, तुला मोकळं केलं, वर पाठीवर थाप मारली. तू गेलास. स्वातीवहिनी आणि तुमची छोटी ईरा इथेच राहिल्या, वहिनींची बालवाडीतली नोकरी होती. पहिल्या सामन्यात तू तीनदा बाद झालास, चेंडू बॅटला लागलासुद्धा नाही. फोनवर म्हणालास, "हे फेकत नाहीत रे, बंदुकीतून सोडतात." पण तिसऱ्या सामन्याला मी आलो होतो, वहिनी आणि ईराला घेऊन. तुझ्या संघाचा मॅनेजर रामोन म्हणून एक डोमिनिकन म्हातारा होता, त्यानं तुला दोन गडी बाद असताना पाठवलं. दुसऱ्याच चेंडूवर तू बॅट फिरवलीस. आम्ही चेंडू कुठे गेला ते बघतच राहिलो. तू धावतसुद्धा नव्हतास, चालत होतास, आणि लोक उभे राहिले होते. ईरा माझ्या खांद्यावर होती. "काका, बाबा रिअल प्रोफेशनल आहे ना?" तिनं विचारलं. "आहे," मी म्हणालो. माझा घसा ओरडून बसला होता आणि त्याच वेळी तो चेंडू आतच पडायला हवा होता असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

एक पूर्ण हंगाम तू खेळलास. लांज्याच्या भाताच्या मळ्यातला माणूस. तुझा फोटो त्या मैदानाच्या भिंतीवर लागला. कदमसरांना मी तो पाठवला, तर सरांनी उत्तरात फक्त विचारलं, 'वजन कमी केलं का त्यानं?'

हंगाम संपून तू घरी आलास आणि आपण शुक्रवारी परत त्या खडीच्या मैदानावर गेलो. मी फेकले, तू घेतलेस. पहिल्या दहा चेंडूंतच मला कळलं. तुझ्या डावीकडे जाणारा चेंडू तू उशिरा घेत होतास. थोडंसंच. मान आधी फिरायची, मग ग्लव्ह जायचा. पूर्वी मान हलायची नाही. हे रामोनला कळलं नव्हतं, संघाच्या डॉक्टरांना कळलं नव्हतं, वहिनींनाही नाही. ज्यानं बावीस वर्षं तुझ्याकडे चेंडू फेकले त्यालाच ते कळणार होतं.

"काय झालंय डोळ्याला?"

"काही नाही. कोळ्याचं जाळं आल्यासारखं वाटतं. येतं नि जातं."

मी तुला ओढत रुवीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. रक्तातल्या साखरेनं आतल्या रक्तवाहिन्या फुटत होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, डावा बराचसा गेला आहे, आहे तेवढा लेझरनं राखायचा, उजव्याला जपायचं. जोराचा चेंडू डोक्याला लागेल असा खेळ बंद. बाहेर आल्यावर तू पायरीवर बसलास.

"मह्या, एक हंगाम. एकच. ह्या वर्षी ते मला रोज पहिल्या बेसवर खेळवणार आहेत. मग खलास. तू कोणाला बोलायचं नाहीस. स्वातीला पण नाही."

"आणि चेंडू लागला तर?"

"लागला तर माझ्याच डोक्याला लागेल ना?"

"ईराची शपथ घेऊन सांग, एकच हंगाम."

"ईराला मधे आणू नको. तू शब्द दे."

मी शब्द दिला.

नवव्या दिवशी मी रामोनला फोन केला. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, माझ्या मोडक्या इंग्रजीत. म्हटलं, त्याला डावीकडून दिसत नाही, तपासून घ्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू त्याचा चांगला मित्र आहेस." त्यांनी तुझी तपासणी केली आणि सन्मानानं तुला घरी पाठवलं. त्यांचं काही चुकलं नाही. कोणताही शहाणा माणूस तेच करेल.

आणि मीही शहाण्यासारखंच वागलो होतो. मित्राचा जीव वाचवला होता. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की त्याची सवय झाली. फक्त कधी कधी, तुझा फोटो त्या भिंतीवरून उतरल्याचं कळलं तेव्हा विशेष, मला जी शांत झोप लागली तिची भीती वाटायची.

तू परत आलास. अर्बाबानं तुला परत घेतलं, सुपरवायझर केलं, पिकअप दिली. बरका, रुस्ताक, खाबुरा, रोजचा तीन-चारशे किलोमीटरचा फेरा. वहिनींना तू सांगितलंस की डोळा सुधारतोय, डॉक्टर म्हणाले एका डोळ्यानं गाडी आरामात चालते. खेळ तू पूर्ण सोडलास. शुक्रवारी फिलिपिनो पोरं 'बाबा कुठे' म्हणून विचारायची. दोनदा तू माझ्याकडे जेवायला आलास. सोलकढी तूच केलीस. जेवून झाल्यावर बराच वेळ बसलास, माझ्याकडे बघत. मी क्रिकेटचा सामना लावला. तू म्हणालास, "बंद कर ना जरा." मी आवाज कमी केला. तू थोडा वेळ वाट बघितलीस आणि उठलास. दोन्ही वेळेला असंच झालं. मला वाटलं, खेळ गेल्यामुळे खचलाय.

मग ती रुस्ताकची फेरी. सुटीचा दिवस होता, तुझं तिथल्या सुकात, जुन्या बाजारात, एका दुकानात काम होतं, मी सोबत आलो. परतताना गोल चौकात तू थांबला नाहीस. इथे गोलात गाड्या डावीकडून येतात. "डावीकडे! संत्या, डावीकडे!" मी ओरडलो, तू ब्रेक दाबलास, पांढरी लँडक्रूझर बोटभर अंतरावरून गेली. आतल्या ओमानी माणसानं दोन्ही हात वर केले. तू गाडी कडेला घेतलीस.

"दिसली नाही रे," तू म्हणालास.

मी काय म्हणालो ते मला पक्कं आठवतंय. "हळू चालव."

एवढंच. मग आपण ह्या वर्षी हापूस इथे कधी येईल ह्यावर बोलत आलो. मला माहीत होतं तुला काय दिसत नाही. मी चावी मागितली नाही. अर्बाबाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, एक बटण दाबायचं होतं. वहिनी तर चहा घेऊन समोर उभ्या होत्या तुझ्या घरी. मी चहा प्यालो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी अकराला, खाबुऱ्याच्या गोल चौकात तू थांबला नाहीस. पाण्याचा टँकर डावीकडून आला. मला फोन अर्बाबाचा आला. तो माणूस रडत होता, त्याच्या तुटक हिंदीत परत परत एकच सांगत होता, "महेश, संतोष चला गया. मैंने गाडी दिया. मैंने दिया." ओळख पटवायला मीच गेलो. डावी बाजू त्यांनी कापडानं झाकून ठेवली होती. ती नको बघायला, असं तिथला मल्याळी कर्मचारी म्हणाला. मी बघितली.

लांज्याला तुला पोचवायला मी विमानातून आलो. कदमसर काठी टेकत स्मशानात आले होते. वहिनींनी तेरावं केलं आणि ईराची परीक्षा व घर आवरणं बाकी म्हणून त्या दोघी मस्कतला परत आल्या. परवा वहिनींनी मला बोलावलं. ईरा शाळेत होती. अर्ध्या खोल्या खोक्यांनी भरल्या होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"भावजी, रामोनला फोन तुम्ही केला होता. ह्यांना माहीत होतं."

मी समोरच्या खोक्याकडे बघितलं.

"त्याच दिवशी त्या मॅनेजरनं सांगितलं ह्यांना. की तुझा मित्र भला माणूस आहे, त्याच्यावर रागावू नको. हे घरी आले तेव्हा मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता महेशला विचारू. तर मला म्हणाले, नको. तो स्वतःहून बोलेल. दोनदा तुमच्याकडे येऊन बसले ते त्यासाठी. घरी आले की मी विचारायचे, बोलला का? तर म्हणायचे, अजून नाही, बोलेल."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानं थांबवलं.

"त्या फोनचा मला राग नाही. मलासुद्धा कळलं असतं तर मीही केला असता. पण हे रुस्ताकहून आले तेव्हा म्हणाले, आज महेश ओरडला म्हणून वाचलो. म्हणजे तुम्ही डोळ्यांनी बघितलं होतंत. मी गाडी चालवत नाही, मला ह्यांनी जे सांगितलं ते मी खरं धरलं. तुम्हाला तर सगळं ठाऊक होतं. खेळाचं तुम्ही फोन करून सांगितलंत ना? मग गाडीचं का नाही सांगितलंत?"

संत्या, मी खोटं बोलू शकलो असतो. म्हणता आलं असतं की एकदा तुझी रोजी घालवली होती, परत घालवायची हिंमत झाली नाही. चांगलं वाक्य होतं, तयारही होतं. त्यांनी कदाचित ते मानलंही असतं. पण तू सात महिने ज्याची वाट बघितलीस ते निदान त्यांच्यासमोर तरी बोलायला हवं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "तो खेळायचा त्याचा मला हेवा वाटायचा. गाडी चालवायचा त्याचा नाही."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"ईराची बस येईल आता," त्या म्हणाल्या. "ती यायच्या आत तुम्ही जा."

मी उठलो आणि निघालो.